तारण

सन २०२४ मध्ये पुनरुत्थानाचा रविवार आणि आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस हे दोन्ही एकाच तारखेला, म्हणजे ३१ मार्चला, आले. ज्याने आयुष्याची चौतीस वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात माणसांची गरज आणि त्यांची ऐपत यांची वजाबाकी करण्यात घालविली, आणि त्याच चौतीस वर्षांतले बहुतेक रविवार मंडळीच्या उपासनेत एका ठराविक बाकावर बसून काढले, त्याला हा योग केवळ दिनदर्शिकेतला वाटणे शक्य नव्हते. मराठी भाषेने 'तारण' हा एकच शब्द दोन ठिकाणी चाकरीस लावला आहे. सोमवार ते शनिवार मी समोरच्या अर्जदारास विचारीत असे की, तारण म्हणून काय देता. आणि रविवारी पाळकसाहेब सांगत की, तारण फुकट आहे, कारण त्याचे मोल देण्याइतके कोणाजवळच काही नाही. सेवेत असेपर्यंत ही दोन तारणे माझ्या मनात एकमेकांसमोर कधी उभी राहिली नाहीत. ती उभी राहिली निवृत्तीनंतर, भिवंडीत, मामांच्या कारखान्यातल्या टेबलापाशी.

सकाळची उपासना कल्याणला आटोपून, ऊन कलताना, दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनच्या रस्त्याने मी भिवंडीत शिरलो. रमजान चालू होता. चहाच्या टपऱ्यांवर पडदे सोडलेले होते, फळांच्या गाड्यांवर कलिंगडे आणि खजूर रचलेले होते, आणि बोळाबोळांतून यंत्रमागांचा तो अखंड खडखडाट येत होता, जो या गावात जन्मलेल्या मुलाला अंगाईसारखा वाटतो आणि परगावच्या पाहुण्याला पहिली रात्र डोळा लागू देत नाही. मामांच्या कारखान्यात चोवीस माग आहेत; साधे, धोट्याचे. कारीगर बहुतेक सर्व मुसलमान असल्यामुळे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे उत्तम शुक्रवारी माग आपोआप बंद राहतात आणि पुनरुत्थानाच्या दिवशी चालू असतात. मामींना हे इतक्या वर्षांत कधी रुचलेले नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे सर्वांत धाकटे भाऊ. माझ्याहून दहाच वर्षांनी मोठे. १९७२ च्या दुष्काळात, नगर जिल्ह्यातली गावेच्या गावे खडी फोडण्याच्या कामावर गेली तेव्हा, विशीतला हा माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी भिवंडीस आला, कांड्या भरण्याच्या कामास लागला, पुढे कारीगर झाला, मागाची दुरुस्ती शिकला आणि अखेरीस दोन जुन्या मागांचा धनी झाला. त्या दोहोंचे चोवीस होण्यास सव्वीस वर्षे लागली. आता हिशेब संगणकावर होतो, तरी मामा स्वतःची लाल बासनातली वही अजून ठेवतात आणि मार्चअखेर बाक्या स्वतःच्या हाताने ओढतात. मी गेलो तेव्हा ती वही उघडी होती. तिच्यावर पाचशेच्या चार नोटा ठेवल्या होत्या. इतक्या वेळा घड्या पडलेल्या, की त्या पसरूनही पुन्हा दुमडू पाहत होत्या, म्हणून त्यांच्यावर मागाचा एक जुना धोटा वजन म्हणून ठेवला होता.

"सलाम, मामा," मी म्हणालो. मामांनी मान हलविली आणि बोट एका नोंदीवर ठेवले. अठरा हजार रुपये, उचल, येणे. उत्तर प्रदेशातल्या मऊकडचा एक कारीगर, अकरा वर्षे मामांकडे सहा माग चालविणारा, २०२० च्या टाळेबंदीत गावी गेला, आणि पुढच्याच वर्षी तिकडेच वारला. त्या सकाळी त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या : काम, आणि बापाच्या हिशेबाचा निकाल. त्यांच्या धर्मात मेलेल्या माणसाचे देणे त्याच्या मानेवर राहते असे मानतात. वारसांनी ते फेडावे, नाहीतर धनकोने तोंडाने 'माफ केले' असे म्हणावे. मुलाने दोन हजार पुढे ठेवले होते आणि उरलेले आपल्या मजुरीतून कापून घ्या असे सांगितले होते. मामांनी त्याला संध्याकाळी यावयास सांगितले होते.

मामींनी कारखान्याकडचे दार, रोजे धरलेल्या माणसांच्या डोळ्यांपुढे नको म्हणून, ओढून घेतले आणि आम्हांला चहा दिला.

मी : मग काय ठरविलेत?

मामा : ठरवायचे काय त्यात? दोन हजार घ्यायचे, पावती द्यायची. राहिले सोळा. पंधरवड्याला पाचशे कापले, की सोळा महिन्यांत पोरगा मोकळा.

मी : मामा, आज कोणता दिवस आहे?

मामा : तुझ्या मनात कोणता आहे ते मला ठाऊक आहे. मीही पहाटे उठून प्रार्थना केली आहे. पण या वहीचाही आज दिवस आहे, आणि या वहीवर वीस घरे जेवतात.

मी : बाप गेला. कर्ज बापाचे. मुलाच्या श्रमातून बापाचे कर्ज वळते करून घेण्याची रीत आपल्या देशात फार जुनी होती, आणि १९७६ च्या कायद्याने तिला वेठबिगारी म्हणून मूठमाती दिली. याच ठाणे जिल्ह्यात कुणा बापाने लग्नासाठी काढलेल्या शेदोनशे रुपयांपायी पोरे वाड्यावर राबत होती. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने ती सोडविली, हे तुम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे.

मामांना हे लागले. ते काही वेळ बोलले नाहीत, आणि मलाही माझा शब्द अधिक झाला असे वाटले.

मामा : मी त्याला बांधून ठेवीत नाही. तो उद्या दुसऱ्याच्या मागावर गेला तरी मी अडवणार नाही. पैसे त्यानेच पुढे केले. वेठ आणि फेड यांतला फरक बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

मी : चुकलो. मग बँकेतल्याच भाषेत बोलतो. जुन्या जमाबंदीत पीक बुडाले म्हणजे सरकारपुढे दोन मार्ग असत : सारा तहकूब करणे किंवा सारा माफ करणे. तहकुबीत रयतेचा जीव भांड्यात पडे तो एका हंगामापुरता. देणे वहीत तसेच राही, आणि पुढच्या चांगल्या पिकावर तलाठी तगादा घेऊन उभा राही. माफीत नाव वहीतून निघे. मला वाटते की आपण माणसे एकमेकांना बहुतकरून तहकुबीच देतो. 'जाऊ दे, झाले ते झाले' असे म्हणतो आणि नोंद ठेवतो. भांडण निघाले की वीस वर्षांपूर्वीची बाकी व्याजासकट बाहेर काढतो. ख्रिस्ताने जी दिली ती माफी. आपण तिच्यावर जगतो असे दर रविवारी कबूल करतो. मग आपल्या हाताखालून जाते तेव्हा ती तहकुबी का होते?

मामा : सरकारने सारा माफ केला तो सरकारी खजिन्याच्या बळावर. आता तू मला द्राक्षमळ्याची गोष्ट सांगणार. तो धनी पहाटे मजूर लावतो, उन्हे चढल्यावर आणखी लावतो, आणि दिवस बुडायला तास उरला असताना नाक्यावर उभे असलेल्यांनाही बोलावतो, आणि सर्वांच्या हातावर सारखाच एकेक दीनार ठेवतो. ठीक आहे. मळा त्याचा, दीनार त्याचा. माझे काय आहे? हा पत्रा आणि हे बीड. बीमवरचे सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. इंचात बाण्याचे किती धागे बसले ते मोजायचे आणि पिकामागे ठरलेले पैसे घ्यायचे, एवढाच माझा धंदा. तो दर मला विचारून ठरत नाही. तो ठरतो सुरतेकडच्या बिनधोट्याच्या मागांवर, जे माझ्या एका मागाचे काम चौपटीने ओढतात. शेजारच्या कारखान्याचे छत्तीस माग गेल्या वर्षी भंगारवाल्याने वजनावर नेले; हातोड्याने फोडले तेव्हा आवाज माझ्या छातीत येत होता. आता तिथे गोदाम आहे. स्पर्धेत कृपा करणारा माणूस उदार म्हणवत नाही, बुडाला म्हणवतो. आणि तो एकटा बुडत नाही.

हे खोटे नव्हते. भिवंडीभोवती माणकोली, काल्हेर, पूर्णा या बाजूंना गोदामांचा जो अफाट पसारा झाला, त्याचे एक कारण असे की मुंबईची जकात हद्दीबाहेर लागत नसे. २०१७ मध्ये जकात गेली, पण गोदामे राहिली आणि वाढली. जकात हाही एक प्रवासी शब्द आहे. मूळ अरबीत तो श्रीमंताच्या संपत्तीतून गरिबासाठी काढलेला भाग. आमच्याकडे येईपर्यंत तो नाक्यावर गाडी थांबवून वसूल करावयाचा कर झाला. मामांच्या कारखान्यातले कारीगर रमजानात आपल्या तुटपुंज्या मिळकतीतूनही कोणाला काही द्यावे म्हणून धडपडतात, तेव्हा तो शब्द आपल्या मूळ घरी परततो.

मी : गोष्ट तुम्ही सांगितलीत ती पुरती सांगितली नाहीत. तो धनी संध्याकाळी नाक्यावर गेला तेव्हा त्याने विचारले की, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे राहिलात. आणि ते म्हणाले की, आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. भिवंडीच्या मजूरनाक्यावर सकाळी अकरानंतर कोण उरते ते पाहा. दंडात जोर असलेले आठालाच उचलले जातात. उरतो तो पांढऱ्या केसांचा, खोकणारा, हात अधू असलेला. त्याच्याही घरी चूल एकच दिवसाची असते आणि तीही पुऱ्याच दिवसाची असते. धन्याने मजुरी श्रमावर मोजली नाही, चुलीवर मोजली. रस्किनने आपल्या अर्थशास्त्रावरच्या निबंधांना याच गोष्टीतून नाव घेतले. ते पुस्तक गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचले, ती रात्र त्यांना झोप आली नाही, आणि पुढे १९०८ मध्ये त्याचा सारांश गुजरातीत देताना त्यांनी 'सर्वोदय' हा शब्द दिला. म्हणजे व्यवहारातल्या माणसांनीही ही गोष्ट व्यवहाराबाहेरची मानलेली नाही.

मामा : आणि पहाटेपासून उन्हात राबले ते? त्यांनी कुरकूर केली तर गोष्टीत त्यांनाच बोल लागतो. मला त्यांच्याविषयी नेहमी वाईट वाटत आले आहे. माझ्या वहीत अकरा माणसे अशी आहेत, की ज्यांनी बायकोचे डाग मोडून उचल फेडली. उद्या त्यांना कळले, की अठरा हजार मामूंनी सोडले, तर ते काय म्हणतील? एकावर केलेली कृपा दुसऱ्याच्या दारी अन्याय होऊन उभी राहते.

इतका वेळ दाराशी मोरीतली भांडी आवरीत असलेल्या मामी पुढे आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्यांनी इतक्या वेळा वाचली आहेत, की त्यांतल्या माणसांविषयी त्या शेजाऱ्यांसारख्या बोलतात.

मामी : रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची चाकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. सगळे म्हणतात, केवढा त्याग. पण घरात येईल त्याला वाढायचे, असेल ते देऊन टाकायचे, आणि संध्याकाळी डब्यात काय उरले ते लक्ष्मीबाईंनी बघायचे. देणाऱ्याला देताना सुख होते. त्याच्या पाठीमागे कोण उभे आहे, तेही विचारत जा. मी म्हणत नाही देऊ नका. विचारत जा, एवढेच.

मामींनी कोणाची बाजू घेतली ते मला त्या वेळी कळले नाही. आजही पुरते कळलेले नाही. परंतु कृपेविषयीच्या आपल्या व्याख्यानांत जी खतावणी कधी दाखविली जात नाही, ती त्यांनी दोन वाक्यांत पुढे ठेवली.

मी : कोणी एकट्याने बुडावे असे मीही म्हणत नाही. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात जर्मनीत रायफायझेन नावाचा एक भाविक नगराध्यक्ष होता. कर्जात पिचलेल्या शेतकऱ्यांना आधी त्याने दानाने सावरून पाहिले, ते टिकेना. मग त्याने गावाच्या पतपेढ्या काढल्या, ज्यांत जमीनजुमला गहाण नसे. गावातले सगळे मिळून एकमेकांचे जामीन राहत, आणि एक बुडाला तर सगळ्यांनी भरायचे अशी अमर्याद जबाबदारी असे. १९०४ चा आपला सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्याच नमुन्यावर झाला. वसईत पापडीला १९१८ मध्ये मॉन्सिन्यॉर मोनीस यांनी जी पतसंस्था काढली, तिच्यातूनच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराच्या पाशातून शेतकरी आणि कोळी सुटावेत म्हणून एका धर्मगुरूने कीर्द-खतावणी हाती घेतली. तारण नसलेल्याचे तारण दुसऱ्या माणसाने व्हावे, ही कल्पना कुठून आली ते आपण दोघेही जाणतो. ती वहीत बसते, मामा. बसविली आहे लोकांनी.

मामा : तुझ्या बँकेत बसली?

या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते येथेही देणे प्राप्त आहे. एका बाईने कांडप-यंत्रासाठी कर्ज मागितले होते. विधवा होती, घर भाड्याचे होते. तारण काय, असे विचारल्यावर तिने पिशवीतून शिधापत्रिका काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात त्या पत्रिकेवर तसेच ठेवून उभी राहिली. जणू ते हातच ती पुढे करीत होती. नियमात त्या हातांची किंमत कोठेच नव्हती. मी अर्ज नामंजूर केला, माझा शेरा योग्य होता, तपासणीत त्यावर कोणी बोट ठेवले नाही. दोन माणसांची जामीनकी घेऊन लहान रकमेचे कर्ज देता आले असते, ती तरतूद मला ठाऊक होती, आणि ते दोन जामीन शोधून देण्याची तसदी मी घेतली नाही. त्या रविवारीही मी बाकावर बसलो होतो.

मामा बराच वेळ धोट्याशी चाळा करीत राहिले. मग बोलले ते हळू, पण मध्ये कोठे न थांबता.

मामा : तू मोकळेपणाने बोललास, म्हणून मीही बोलतो. मला माफी देता येत नाही असे नाही. ती घेणाऱ्याचे काय होते ते मला ठाऊक आहे. आपले पणजोबा दुष्काळात मिशनच्या कोठारावरचे धान्य खाऊन जगले. देणाऱ्या मडमेच्या मनात काही नसेल. प्रेमानेच दिले असेल. पण भाकरीसाठी बाटले, हा शब्द चार पिढ्या आपल्या दारावर लिहिलेला राहिला. माझ्या आजोबांनी तो ऐकला, माझ्या बापाने ऐकला, मी शाळेत ऐकला. पुढे १९५० च्या हुकमाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत असे ठरले. १९५६ मध्ये शिखांना त्या मिळाल्या, १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, आपण बाहेरच राहिलो. माझ्याबरोबरचा पोरगा, त्याच वाड्यातला, त्याच जातीतला, कॉलेजात गेला. मी अर्जात ख्रिस्ती लिहिले आणि कांड्या भरायला आलो. तेव्हा विश्वासाची बाजारात काय किंमत पडते ते तू मला शिकवू नकोस, मी ती रोख मोजली आहे. पण त्याच नगरात, संवत छप्पन्नाच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळानंतर, मिशनच्या चर्चिल नावाच्या एका इंजिनियर साहेबाने अनाथ पोरांसाठी नवा, वेगाने चालणारा हातमाग तयार केला. आजोबा सांगायचे : धान्य देणाऱ्यांची नावे विसरलो, पण चर्चिल साहेबाचा माग विसरलो नाही. कारण धान्याने वाकविले आणि मागाने उभे केले. तो पोरगा दोन हजार घेऊन ताठ मानेने माझ्यापुढे उभा होता. देणेकरी ताठ उभा राहू शकतो. माफी मिळालेल्याला वाकून बाहेर पडावे लागते. त्याला वाकायला लावून मी पुनरुत्थान साजरे करू?

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कृपेचा आपण जो गौरव करतो, त्यात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा हात खाली हे चित्र किती सहज येऊन बसते, हे मला त्या क्षणापर्यंत असे दिसले नव्हते. तरी मी एक गणित त्यांच्यापुढे ठेवले, जे मी पूर्वी एकदा बँकेच्या कागदावरच मांडून पाहिले होते. राजाने ज्या चाकराला दहा हजार तालांत सोडले आणि ज्याने बाहेर येऊन सोबत्याची शंभर दीनारांसाठी मानगूट धरली, त्या चाकराची गोष्ट. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, एकही सुट्टी न घेता एक लाख चौसष्ट हजार वर्षांची. ते कर्ज फेडण्यासारखे नव्हतेच. आणि तरी तो चाकर राजाला म्हणाला होता की, मुदत द्या, सगळे फेडतो.

मामा : म्हणजे तोही ताठच उभा होता.

मी : होय. आणि तेच त्याचे चुकले असे मला वाटते. त्याने माफी घेतली, पण आपण देणेकरी होतो हे मनात घेतलेच नाही. त्याच्या मनाने तो धनकोच राहिला. म्हणून दाराबाहेर पडताच त्याला धनकोसारखेच वागता आले.

मामांनी मान हलविली. होकाराची की नकाराची ते ओळखता आले नाही. बोलणे त्यांनी दुसरीकडे वळविले, किंवा त्यांना तसे वाटले. त्या कारीगराचा हात किती हलका होता, तुटलेला ताणा तो माग पुरता न थांबवता कसा सांधी, हे ते सांगू लागले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या रात्री माग जेथल्या तेथे थांबले. इतक्या वर्षांत प्रथमच गल्लीत एवढी शांतता झाली, की मामींना वाटले आपले कान गेले. मे महिन्याच्या प्रारंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिकांची गाडी सुटली. तिच्यात जागा मिळविण्यासाठी माणसे कागद घेऊन रांगेत उभी होती. तो मात्र त्यापूर्वीच, चौघांबरोबर, नाशिकच्या महामार्गाने चालत निघाला होता.

मामा : जाताना कारखान्यात आला. मागांवर हात फिरविला. बीम तसेच चढलेले, सहा मागांवर सहा तागे अर्धेमुर्धे गुंडाळलेले; कुठे तीस मीटर झालेले, कुठे सत्तर. म्हणाला, आल्यावर पुरे करतो. पावसाळ्यात माग सुरू झाले तेव्हा दुसरा माणूस लावला, त्याने ते पुरे केले.

मी विचारले ते चौतीस वर्षांच्या सवयीने. त्यात दुसरा काही हेतू नव्हता.

मी : मग त्या अर्ध्या ताग्यांची मजुरी कोणाच्या खाती जमा पडली?

मामांनी वहीची पाने मागे उलटली. २०२० चे पान निघाले. त्या कारीगराच्या खाती मार्चच्या पूर्वार्धातला पंधरवडा जमा होता, त्याखाली आडवी रेघ होती, आणि रेघेखाली उचल बाकी. पुढच्या पानावर दुसऱ्याच्या नावे सहा पुरे तागे.

मामा : तागा कापून उतरवील त्याला मजुरी. रीत तीच आहे. सगळ्या भिवंडीत तीच आहे.

मी काही बोललो नाही.

मामा : किती मीटर होते ते सगळे मिळून?

मी : तीनशे धरा. रक्कम सात-आठशेच्या वर जाणार नाही.

मामा : रक्कम सांगू नकोस. मीटर विचारतो आहे. मोजायचे कशाने आता? ते कापड केव्हाच विकले गेले. कोणाच्या तरी कोटाचे अस्तर होऊन फाटलेसुद्धा असेल.

दुपारपासून आम्ही दोघेही, एक आग्रहाने आणि एक अनिच्छेने, एकच गोष्ट गृहीत धरून बोलत होतो, की मामा धनको आहेत, आणि प्रश्न काय तो धनकोने किती सैल व्हावे एवढाच आहे. मीही कृपेची वकिली केली ती त्याच खुर्चीवर बसून. चार वर्षे ज्या वहीत अठरा हजारांचे येणे दर मार्चअखेर पुढे ओढले गेले, त्याच वहीत तीनशे मीटरांचे देणे एकदाही लिहिले गेले नव्हते, आणि ज्याने ते विणले तो आता हिशेबाला येणार नव्हता.

सातच्या सुमारास अजान झाली. एकामागून एक माग थांबले, आणि त्या थांबण्यात कारीगरांचे पाण्याचे घोट ऐकू येतील इतकी शांतता काही क्षण पसरली. मामींनी ओढलेले दार उघडले. थोड्या वेळाने तो मुलगा आला; हातात कागदाची पुडी होती, आमच्यासाठी आणलेल्या खजुराची. बापाचाच बांधा, असे मामा पुढे मला म्हणाले. तो दाराशीच थबकला, कारण मामा उठून उभे राहिले होते, आणि कारीगरासाठी सेठ उठून उभा राहतो असे त्याने कधी पाहिले नसावे.

मामांनी धोटा बाजूला केला. त्या नोटांना हात लावला नाही. त्यांना बोलण्यास वेळ लागला, आणि मग ते आपल्या त्या भिवंडीच्या हिंदीत म्हणाले, "बेटा, तेरे अब्बा का मेरे ऊपर निकलता है. कितना, मालूम नहीं. पहले तू माफ कर."

मुलाने माझ्याकडे पाहिले, मग मामींकडे, मग उघड्या वहीकडे. आणि काय म्हणावे ते न सुचून त्याने हातातली पुडी टेबलावर, त्या चार नोटांच्या शेजारी, उघडून ठेवली.